लॅक्रोस: राष्ट्रीय विकास कार्यक्रमात निवड कशी होते, आणि झाली नाही तर?

वाचक मुलीचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारी १६ वर्षांची आहे. बाराव्या वर्षापासून लॅक्रोस (टोकाला जाळी असलेल्या काठीने, म्हणजे स्टिकने, चेंडू झेलून-फेकून गोल करायचा खेळ) खेळते, मिडफिल्डर आहे, म्हणजे मैदानाच्या मधे राहून आक्रमण आणि बचाव दोन्ही करते, क्लबच्या संघात नियमित असते. गेल्या हंगामात तिच्याच क्लबमधल्या जिवलग मैत्रिणीची राष्ट्रीय विकास कार्यक्रमात निवड झाली. हिचं नाव मात्र प्रशिक्षकांनी पाठवलंच नाही. विचारल्यावर ते म्हणाले, "तू अजून तयार नाहीस. आणि आधी ते बास्केटबॉल सोड." तिचा जन्म नोव्हेंबरमधला, त्यामुळे वयोगटात ती सगळ्यांत लहान. ती लिहिते, "मोठ्या क्लबच्या मुलींनाच घेतात असं सगळे म्हणतात. बाबा एका खासगी शिबिराचे पैसे भरायला तयार आहेत, तिथे निवड समितीचे लोक येतात म्हणे. यंदा आत गेले नाही तर पुढे काहीच होणार नाही असं वाटतं. बास्केटबॉल सोडू का? मैत्रिणीशी हल्ली नीट बोलताही येत नाही. आणि मुळात या कार्यक्रमात जातात तरी कसं?"

तुझे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण हा कार्यक्रम असतो कशासाठी, हे मात्र तू कुठेच विचारलेलं नाहीस. बाकीची उत्तरं त्यावरच अवलंबून असल्यामुळे आधी तेवढं पाहू.

राष्ट्रीय संघ आणि राष्ट्रीय विकास कार्यक्रम यांची तुझ्या मनात सरमिसळ झालेली दिसते. ती तुझी एकटीचीच झाली आहे असं नाही, पालक आणि काही प्रशिक्षकही तसंच बोलतात. संघ निवडताना समितीपुढे प्रश्न असतो की येत्या स्पर्धेत आपल्याला कोण जिंकून देईल. विकास कार्यक्रमासाठी मुलं निवडताना प्रश्न असतो की तीन-चार वर्षांनी त्या पातळीवर कोण पोहोचू शकेल आणि आपण शिकवलेलं कोण उचलेल. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खात्रीने कुणालाच देता येत नाही. म्हणून तर पुन्हा पुन्हा निवड करावी लागते. आधीच्यांपैकी काही गळतात, काही नवे येतात. तुझी मैत्रीण यंदा आत आहे म्हणजे पुढच्या वर्षी ती असेलच असं नाही, आणि तू यंदा बाहेर आहेस याचाही अर्थ तेवढाच.

"यंदा नाही तर कधीच नाही" हे वाक्य तू पत्रात वेगवेगळ्या शब्दांत तीनदा लिहिलं आहेस, म्हणून त्याबद्दल स्पष्ट सांगते. लॅक्रोसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये कनिष्ठ गट वीस वर्षांखालचा असतो. त्या गटाची मुलींची जागतिक स्पर्धा २०२४ मध्ये हाँगकाँगला झाली. म्हणजे सोळाव्या वर्षी तुझ्याकडे त्या वयोगटातली बरीच वर्षं शिल्लक आहेत, आणि वरिष्ठ गट तर त्याच्याही पुढे आहे. हे सांगतेय ते तुझी समजूत काढायला नाही. घाईत घेतलेले निर्णय (बास्केटबॉल सोडणं, बाबांचे पैसे गुंतवणं, मैत्रीण तोडणं) या एका वाक्याच्या जोरावर घेतले जाताहेत, आणि ते वाक्यच खरं नाही.

आता, आत कसं जातात?

वर्ल्ड लॅक्रोस या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ९० हून अधिक देश सदस्य आहेत आणि सगळ्यांची पद्धत एकसारखी नाही. अमेरिकेसारख्या ठिकाणी, जिथे हा खेळ शाळाशाळांत खेळला जातो, तिथे यूएसए लॅक्रोसचा स्वतंत्र 'नॅशनल टीम डेव्हलपमेंट प्रोग्राम' आहे. जिथे खेळाडूच मोजके, तिथे वर्षातून एखादं शिबिर हाच सगळा कार्यक्रम असू शकतो. तरी आत जायच्या वाटा ढोबळ मानाने तीनच. पहिली म्हणजे खुली निवड चाचणी: नाव नोंदवायचं, शुल्क असेल तर भरायचं आणि ठरल्या दिवशी मैदानावर हजर व्हायचं. दुसरी, क्लबच्या किंवा शाळेच्या प्रशिक्षकाची शिफारस. तिसरी, एखाद्या मोठ्या स्पर्धेत निवडकर्त्यांनी स्वतः बघून बोलावणं. पुष्कळ संघटना यातल्या दोन-तीन वाटा एकत्र वापरतात, आणि राष्ट्रीय शिबिराच्या आधी विभागीय चाचणी ठेवतात.

तू धरून चाललीस की शिफारस हीच एक वाट आहे, कारण तुझ्या मैत्रिणीला ती मिळाली. हे गृहीत धरण्याआधी एक काम कर. तुमच्या राष्ट्रीय संघटनेचं निवड धोरण शोधून वाच. ते कंटाळवाणं असतं, पण बहुतेक खेळाडू ते वाचत नाहीत आणि मैदानावरच्या गप्पांवर विसंबतात. त्यात चार गोष्टी बघ. खुली चाचणी आहे का, असली तर नोंदणी कधी उघडते आणि कधी बंद होते. वय कोणत्या तारखेला मोजतात. संघटनेचं वैयक्तिक सदस्यत्व लागतं का. हे राहून गेल्यामुळे चांगल्या मुलांचे अर्ज बाजूला पडू शकतात. आणि नागरिकत्वाची अट काय आहे: शिबिराला बसायला एक नियम आणि देशाकडून खेळायला दुसरा, असंही असू शकतं. ज्यांचे आईवडील एका देशातले आणि शिक्षण दुसऱ्या देशात चालू आहे, अशा वाचकांनी हे विशेष लक्ष देऊन वाचावं.

धोरण वाचल्यावर समजा कळलं की शिफारशीशिवाय गत्यंतर नाही. तरी तुझ्या प्रशिक्षकांचं "तयार नाहीस" हे उत्तर म्हणून पुरेसं नाही. कशात तयार नाही? डाव्या हाताने? बचावात? धावण्यात? ते चुकत असतील असं मी म्हणत नाही, त्यांनी तुला वर्षानुवर्षं पाहिलं आहे, मी पाहिलेलं नाही. पण ज्या वाक्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही, ते वाक्य घेऊन घरी यायचं नाही. सरावाच्या मधे, बाकीच्या मुली आजूबाजूला असताना विचारू नकोस. वेळ मागून घे, किंवा असा निरोप पाठव:

"सर, पुढच्या चाचणीला जायचं माझ्या मनात आहे. मी अजून तयार नाही असं तुम्ही म्हणालात, त्यावर मला काम करायचं आहे. माझ्या खेळातल्या कोणत्या दोन गोष्टी आधी सुधारायला हव्यात, आणि त्या सुधारल्या हे तुम्हाला कशावरून कळेल, ते सांगाल का? दोन महिन्यांनी मी पुन्हा विचारेन."

यात तक्रार नाही, मैत्रिणीचं नाव नाही, "मला का नाही घेतलं" हा सूरही नाही. माझ्या मते असा निरोप आल्यावर बहुतेक प्रशिक्षक बसून विचार करतात. आणि जो दोन महिन्यांनीही काहीच सांगू शकत नाही, त्याच्या मताला किती वजन द्यायचं हे तुझं तुलाच कळेल.

चाचणीत निवडकर्ते काय बघतात, याबद्दल मुलींच्या डोक्यात एक पक्कं चित्र असतं: जी जास्त गोल करेल ती आत. म्हणून चाचणीचा सामना सुरू झाला की प्रत्येक जण चेंडू हातात आला रे आला की गोलाकडे सुटते. मैदानावर पंचवीस-तीस मुली, पाठीवर नंबर, एकमेकींशी कधी न खेळलेल्या. पास कुणी देत नाही. अशा वेळी बाजूला वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दोन डिफेंडरच्या मधून रेटून मारलेल्या गोलापेक्षा दुसऱ्याच गोष्टी जास्त सांगून जातात. चेंडू हातातून गेल्यावर पहिली तीन पावलं कुठे पडली? मागे वळून धावली, की हात पसरून पंचांकडे बघत उभी राहिली? चेंडू आपल्याकडे नसताना जागा बदलते का? बचावात तोंड उघडून सांगते का, "डावीकडून येतेय, मी घेते"? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सूचना दिल्यावर पुढच्याच फेरीत ती करून बघते का? चुकीची का होईना, पण करून बघते का? विकास कार्यक्रमाला हवी असते ती हीच मुलगी.

ग्राउंड बॉलचं उदाहरण घे. जमिनीवर सुटलेला चेंडू उचलणं हे लॅक्रोसमधलं सगळ्यांत कमी दिमाखदार काम, पण त्यात खेळाडूचं सगळं शिक्षण उघडं पडतं. अर्धवट शिकलेली मुलगी कमरेतून वाकते, स्टिक उभी धरते, चेंडूवर हेड (स्टिकच्या टोकाचा जाळीचा भाग) आपटून तो थांबवायला बघते, आणि तिथेच थांबते. तेवढ्यात मागची तिला ढकलून चेंडू घेऊन जाते. शिकलेली मुलगी चेंडूच्या दोन पावलं आधीच गुडघ्यांतून खाली जाते. मागचा हात जवळजवळ गवताला टेकलेला असतो, त्यामुळे स्टिक आडवी होते आणि हेड चेंडूच्या खाली आपोआप सरकतं. एक पाऊल चेंडूच्या शेजारी पडतं, पाठ प्रतिस्पर्ध्याकडे असते, आणि वेग कुठेही तुटत नाही. चेंडू आत आला की स्टिक लगेच कानाजवळ, तोंड मोकळ्या जागेकडे, आणि डोळे वर. हे सगळं दीड-दोन सेकंदांत. हे पाहिलं की निवडकर्त्याला कळतं की या मुलीने कुणी बघत नसतानाही मेहनत घेतली आहे. आणि यासाठी मोठा क्लब लागत नाही.

एकटीने सराव करायला एक भिंत पुरते, आणि तीही कुठली खास लागत नाही. चार-पाच पावलांवर उभं राहून दहा-पंधरा मिनिटं चेंडू भिंतीवर मारायचा आणि झेलायचा: उजव्या हाताने, मग तितक्याच वेळा डाव्या हाताने, मग उजव्याने मारून डाव्याने घ्यायचा, मग झेलल्याक्षणी क्रेडल न करता (म्हणजे चेंडू जाळीत टिकावा म्हणून स्टिक झुलवत न बसता) परत मारायचा. दुबळ्या हाताला जास्त वेळ दे. बहुतेक जण उलट करतात, कारण जो हात चालतो त्याने खेळायला मजा येते. जिचे दोन्ही हात सारखे चालतात तिला डिफेंडर एका बाजूला ढकलून कोंडू शकत नाही, आणि निवडकर्त्यांच्या वहीत हे पहिल्या दहा मिनिटांतच लिहिलं जातं.

आता "मोठ्या क्लबच्या मुलींनाच घेतात" याबद्दल. हे पूर्ण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मोठ्या क्लबला जास्त सामने मिळतात, त्यांचे प्रशिक्षक निवडकर्त्यांच्या ओळखीचे असतात, आणि ओळखीच्या माणसाचा शब्द कानावर लवकर पडतो. हा फरक खरा आहे आणि त्याचा राग येणंही साहजिक आहे. पण त्यावर तुझ्या हातात काय आहे ते बघ. जिथे व्हिडिओ पाठवता येतो तिथे नीट व्हिडिओ पाठव, आणि 'नीट' म्हणजे फक्त गोल जोडून, वर गाणं लावलेला नाही. एका सामन्यातली सलग सात-आठ मिनिटं, न कापलेली, ज्यात तू बचावही करतेस, चेंडू गमावतेस आणि परत मिळवतेस. सुरुवातीला तुझा नंबर आणि जागा सांग, नाहीतर बघणाऱ्याला तू कुठली हेच कळत नाही. गोलांच्या तुकड्यांतून तू शेवटी काय केलंस ते दिसतं, सलग खेळातून तू खेळ कसा वाचतेस ते दिसतं.

शिवाय हा खेळ मुळात ज्यांचा, त्या उत्तर अमेरिकेतल्या होडिनोशोनी लोकांकडे बघ. लोकसंख्येने अगदी छोटा समाज. लॅक्रोस ही त्यांना सृष्टीच्या निर्मात्याने दिलेली देणगी वाटते, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही तो खेळला जातो. ते आपल्या स्वतःच्या झेंड्याखाली आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरतात, आणि त्यांच्या पुरुष संघाने २०१४, २०१८ आणि २०२३ अशा लागोपाठ तीन जागतिक स्पर्धांत कांस्यपदक मिळवलं. मुलं चालायला लागली की हातात स्टिक घेतात, दाटीवाटीच्या बॉक्स लॅक्रोसमध्ये (चारी बाजूंनी बंद, छोट्या जागेत खेळायच्या प्रकारात) वाढतात, आणि चिंचोळ्या जागेत पास द्यायची सवय त्यांच्या हातांत मुरते. पैसा आणि संख्या यांना खेळात वजन आहेच. पण लॅक्रोसमध्ये स्टिकवरचा हात अजूनही त्यांच्या बरोबरीने बोलतो.

बास्केटबॉल सोडू नकोस. निदान आत्ता, या कारणासाठी तर नाहीच.

प्रशिक्षकांचं म्हणणं मला समजतं. दोन खेळांचे सराव एकाच संध्याकाळी आले की एकाचा बळी जातो आणि तुझ्याकडे वेळ तितकाच असतो. पण "एकच खेळ धरलास तरच वर जाशील" या समजुतीला आधार फार कच्चा आहे. अमेरिकन अकादमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेला सल्ला असा की बहुतेक खेळांत एकाच खेळावर लक्ष केंद्रित करणं साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांत, आपल्या मुख्य खेळापासून लांब राहावं. तू त्या उंबरठ्यावर आहेस, म्हणजे एक खेळ निवडायची वेळ जवळ आली आहे हे खरं; पण ती वेळ तुझ्या आवडीने ठरू दे, धाकाने नको.

आणि तुझे दोन खेळ तर एकमेकांचे सख्खे नातेवाईक आहेत. बास्केटबॉल ज्यांनी शोधून काढला ते जेम्स नाइस्मिथ स्वतः लॅक्रोस खेळत. अमेरिकन फुटबॉलमधले दिग्गज जिम ब्राउन कॉलेजात लॅक्रोस आणि बास्केटबॉल दोन्ही खेळले आणि लॅक्रोसमधलेही सर्वोत्तमांपैकी एक मानले गेले. दोघींनी मिळून डिफेंडरला अडवणं, चेंडू हातात नसताना झटकन दिशा बदलून मोकळ्या जागेत धावणं, बचावात कंबर खाली ठेवून पाय सरकवणं, मागून मदतीला धावणं: हे सगळं तू बास्केटबॉलच्या कोर्टवर शिकतेसच. त्यात आता बास्केटबॉल न सोडायला एक नवं कारण आलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटबरोबर लॅक्रोसलाही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली. १९०४ आणि १९०८ नंतर पदकांसाठीचं लॅक्रोस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच येतंय, आणि ते येतंय 'सिक्सेस' या छोट्या प्रकारात. गोलकीपर धरून सहा खेळाडू, ७० बाय ३६ मीटरचं मैदान, आठ मिनिटांचे चार भाग, संघात एकूण १२ जणी, आणि ३० सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात गोलावर फटका मारावाच लागतो. गोल झाला की मधे ड्रॉसाठी (दोघींमध्ये चेंडू ठेवून खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी) कुणी थांबत नाही. गोलकीपर चेंडू जाळ्यातून काढते आणि सरळ पुढे फेकते, त्यामुळे गोल करून मिठ्या मारत बसलेला संघ तेवढ्यात मागे पडतो. इथे नुसती आक्रमक किंवा नुसती बचावपटू अशी चैन परवडत नाही. सगळ्यांना दोन्ही टोकांना पळावं लागतं. घड्याळाच्या धाकात निर्णय घेणारी, दोन्ही बाजूंना खेळणारी मिडफिल्डर या प्रकाराला हवीच असते. प्रशिक्षकांशी बोलशील तेव्हा हे मुद्दे मांड, आणि दोन्ही सरावांचं एक लेखी वेळापत्रक बरोबर ने. ज्या महिन्यांत लॅक्रोसचा हंगाम आहे त्या महिन्यांत लॅक्रोसला पहिला मान, हे तूच आधी कबूल करून टाक. भांडणाचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

तुझ्या नोव्हेंबरच्या जन्माबद्दल तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मला तो मुद्दा मोठा वाटतो. वय जानेवारीपासून मोजलं जात असेल तर तुझ्याच गटातली जानेवारीत जन्मलेली मुलगी तुझ्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठी असते. तेरा-चौदाव्या वर्षी हा फरक उंचीत, ताकदीत, धावण्यात दिसतो आणि निवडकर्ते त्यालाच गुणवत्ता समजून बसतात. कॅनडात ज्युनियर आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा १९८० च्या दशकात तपासल्या तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले खेळाडू प्रमाणाबाहेर जास्त निघाले. नंतर अनेक खेळांत तेच दिसलं. वय वाढतं तसा शरीरातला हा फरक कमी होत जातो. इतकी वर्षं आपल्यापेक्षा मोठ्या मुलींशी खेळून तू टिकलीस, त्यात तू काहीतरी शिकलीच असशील: लवकर पास देणं, धक्का बसण्याआधी जागा सोडणं. ते तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. अर्जात मात्र जन्मतारखेचं रडगाणं लिहू नकोस, तारीख त्यांना दिसतेच.

शरीराबद्दल दोन गोष्टी, कारण चाचणी जवळ आली की मुलं नेमकं हेच विसरतात. झटकन वळण्याच्या आणि उडी मारून टेकण्याच्या खेळांत मुलींना गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. एका पायावर तोल सांभाळणं, उडीनंतर गुडघे आत न वळू देता मऊ टेकणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, असे व्यायाम वॉर्म-अपमध्ये नियमित केले तर हा धोका कमी होतो. दुसरी गोष्ट डोक्याची. चेंडू कडक रबराचा असतो, स्टिक कठीण असते. डोक्याला मार बसल्यावर गरगरलं, उजेड सहन होईना, आठवणीत गोंधळ झाला, तर चाचणी दुसऱ्या दिवशी असली तरी ते लपवायचं नाही. त्या दिवशी खेळ थांबवायचा, मोठ्यांना सांगायचं, डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय परत उतरायचं नाही. यावर माझ्याकडे दुसरा पर्यायच नाही. झोपेचंही तेच. तुझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात, आणि पहाटेचा जादा सराव त्यातून कापून घेतलास तर हाती काही लागत नाही.

मैत्रिणीबद्दल. तिने तुझी जागा घेतली असं तुला वाटतंय, पण तुझं नाव यादीत गेलंच नव्हतं, मग तिने कुणाची जागा घेतली? ती शिबिराहून येईल तेव्हा तिच्या डोक्यात नवे ड्रिल्स असतील, आणि ते करून बघायला तिला कुणीतरी जोडीदार लागेल. तिला सरळ सांग, "मला वाईट वाटलं होतं, म्हणून बोलत नव्हते. तिथे काय शिकलीस ते मला दाखव." हेवा वाटला म्हणून तू वाईट मैत्रीण ठरत नाहीस. पण गप्प राहिलीस तर तिला कारणच कळणार नाही. आणि शिबिरात रोज काय चालतं, हे तुला तिच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही.

आता हा भाग बाबांना वाचायला दे. खासगी शिबिरं वाईट असतात असं नाही. चांगल्या शिबिरात चार दिवस उत्तम खेळाडूंबरोबर घालवणं मोलाचं असतं. प्रश्न त्या एका वाक्याचा आहे: "निवड समितीचे लोक येतात." पैसे भरण्याआधी राष्ट्रीय संघटनेला लेखी विचारा की या शिबिराचा तुमच्या निवडीशी काही संबंध आहे का. उत्तर 'नाही' आलं, तर ते शिबिर केवळ शिकण्यासाठी परवडतंय का एवढंच ठरवा. आणि निवडीची हमी देणारा कुणी भेटला तर तिथून उठा, प्रामाणिक माणूस अशी हमी देत नाही. शिबिर निवासी असेल तर मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण मागा, मुलींबरोबर रात्री कोण असेल ते विचारा, तक्रार कुणाकडे करायची ते विचारा. प्रशिक्षक म्हणवणारी कुणी व्यक्ती मुलीला पालकांना न सांगता खासगी संदेश पाठवत असेल, तर त्याचं नाव कितीही मोठं असो, ते तिथल्या तिथे थांबवा. एक गोष्ट खास तुमच्यासाठी: चाचणीहून परतताना गाडीत पहिला प्रश्न "किती गोल केलेस?" हा नको.

चाचणी दिलीस आणि तरी नाव आलं नाही, तर आठवडाभर काहीच करू नकोस. मग दोन ओळींचं पत्र लिहून अभिप्राय माग. काही संघटना तो देतात, काही देत नाहीत, पण मागितल्यावर राग कुणालाच येत नाही. दरम्यान खेळत राहायच्या जागा पुष्कळ असतात: विभागाचा संघ, बॉक्स किंवा सिक्सेसच्या स्पर्धा, मोठ्या मुलींच्या सामन्यांत पंचगिरी. पंचगिरीला मुलं नाकं मुरडतात, पण शिटी हातात घेऊन एक हंगाम काढला की डिफेंडर नेमक्या कधी उशिरा पोहोचतात ते दिसायला लागतं. आणि हे वाचणाऱ्या कुणी गोलकीपर असाल तर तुमची गोष्ट वेगळी: तुमच्यासारख्या फार थोड्या असतात, कार्यक्रमांना तुमची नेहमीच गरज असते, तेव्हा शिफारशीची वाट न बघता थेट संघटनेला कळवा.

तूही तेच कर. प्रशिक्षकांना द्यायचा निरोप वर दिलाच आहे. संघटनेला लिहायचं पत्र त्याहून छोटं: तुझं वय, जागा, किती वर्षं खेळतेस, क्लबचं नाव, आणि तीन प्रश्न. पुढची चाचणी कधी आणि नोंदणी कुठे? शिफारस बंधनकारक आहे का? सामन्याचा व्हिडिओ पाठवला तर बघाल का? तू अजून लहान आहेस, म्हणून आई किंवा बाबांचा पत्ताही त्यात जोड आणि उत्तर त्यांनाही पाठवायला सांग. हे पत्र या आठवड्यातच जाऊ दे, कारण नोंदणी चाचणीच्या बरीच आधी बंद होऊ शकते.